दुसरं दार

मागच्या महिन्यात आम्ही घर बदललं. टोकियोतच, निशि-कासाईतच, जुन्या घरापासून चालत सात मिनिटांवर. २८ चौरस मीटरमधून ५८ चौरस मीटरमध्ये. डोंबिवलीच्या भाषेत सांगायचं तर ३०० चौरस फुटांतून सव्वासहाशेत.

बातमी कळवल्यावर पुण्याच्या एका मैत्रिणीचा मेसेज आला, 'अगं, जपानी लोक किती कमी जागेत किती सुंदर राहतात! तुम्ही कशाला मोठ्या घराच्या मागे लागलात?' मैत्रिणीचं घर थ्री बीएचके, वर टेरेस. तेव्हापासून डोक्यात जे खदखदतंय ते आज लिहूनच टाकते.

माझ्या ओळखीचा एकही जपानी माणूस हौसेने लहान घरात राहत नाही. भाडं झेपत नाही म्हणून राहतात. मुलं झाली की तेही टोकियोशेजारच्या चिबा नाहीतर सायतामाकडे सरकतात, रोजचा तासाभराचा लोकल प्रवास पत्करून. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. तिथे जाऊन सांगा की कमी जागेत मन मोठं होतं म्हणून!

आमचं जुनं घर म्हणजे एक खोली आणि एक जेवणघर, मध्ये सरकतं दार. शेगडीची जागा एकाच बर्नरची. आधी कुकर, मग भाजी, मग पोळ्या, तोवर भात गार. हेही चाललं. माणूस कशालाही सरावतो.

दोन वर्षांपूर्वी आई आली होती तीन महिन्यांसाठी. ती जेवणघरात झोपायची. पहाटे साडेचारला उठून पोथी वाचायची तिची सवय, पण तिथे दिवा लावला की उजेड दाराच्या फटीतून थेट पोराच्या तोंडावर. एकदा पहाटे मला जाग आली तर आई अंथरुणात नाही. बघते तर न्हाणीघरात. इथे अंघोळीला बसायचं प्लास्टिकचं बुटकं स्टूल असतं, त्यावर ही बसलेली, टबावरच्या झाकणावर पोथी उघडून, दार लावून. मला बघून म्हणाली, 'अगं झोप तू. इथे छान शांत आहे.' घरात नीट लागणारं दार तेवढं एकच होतं.

त्याच दिवशी घर शोधायला लागले. दीड वर्ष गेलं.

इथे घर भाड्याने घेणं हा वेगळाच संस्कार आहे. अनामत वेगळी, दलाली वेगळी, हमी घेणाऱ्या कंपनीचे वेगळे, आणि अनेक ठिकाणी वर 'रेइकिन'. म्हणजे शब्दशः आभाराचे पैसे. तुम्ही आम्हाला भाडं भरू देताय याबद्दल मालकाचे आभार, बहुतेकदा एका महिन्याच्या भाड्याएवढे, कधीच परत न मिळणारे. आपली पागडी निदान आभाराचं सोंग तरी आणत नाही. हे सगळं द्यायला तयार असूनही एजंट आमच्यासमोर मालकाला फोन लावायचा, दोन वाक्यांत 'गाइकोकुजिन', म्हणजे परदेशी, हा शब्द यायचा आणि मग नुसतं 'हाय, हाय', म्हणजे 'हो, हो'. फोन ठेवून तो इतका वाकून माफी मागायचा की मलाच त्याचं वाईट वाटायचं.

शेवटी यूआर, म्हणजे सरकारशी संलग्न संस्थेची घरं. रेइकिन नाही, दलाली नाही, जामीन नाही, दर दोन वर्षांनी कराराच्या नूतनीकरणाचे पैसे नाहीत. पगाराचा हिशोब बसला पाहिजे, बस. बिल्डिंग जुनी, भिंती जाड, तातामी, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जाड चटया, थोड्या लहान मापाच्या (हो, तातामीचीही मापं बदलतात, 'सहा तातामीची खोली' ऐकून हुरळून जाऊ नका). पण खोल्या तीन, आणि शेगडी दोन बर्नरची!

सामान भर पावसात हलवलं, कारण मार्च-एप्रिलमध्ये सगळा देशच घरं बदलतो आणि त्या दिवसांत दर विचारायचीही सोय नसते. दोन पोरं आली, त्यांनी आधी लिफ्टला आणि वळणावरच्या भिंतींना गादीसारखं अस्तर लावलं, मगच पहिलं खोकं उचललं. आमच्या कपाटापेक्षा भिंतीची काळजी जास्त.

पहिल्या रात्री घरात एकही दिवा नव्हता. छताला नुसता दिवा अडकवायचा सांगाडा असतो, दिवे आपले आपण आणायचे, हे आम्ही साफ विसरलो होतो. मोबाईलच्या उजेडात मी ताटं शोधत होते, आणि आतून पोराची हाक आली, 'आई, तू कुठे आहेस?'

पाच वर्षांच्या आयुष्यात त्याला हा प्रश्न घरात कधी विचारावाच लागला नव्हता. दोन रात्री तो भेदरलेलाच होता. तिसऱ्या दिवसापासून मात्र स्वतःच्या खोलीचं दार आपटायला शिकला. तेही आलंच त्यात.

आई ऑक्टोबरमध्ये येतेय. परवा व्हिडिओ कॉलवर तिला घर दाखवलं, तिची खोली दाखवली, पूर्वेची खिडकी दाखवली. सगळं बघून म्हणाली, 'न्हाणीघर दाखव बघू.' दाखवलं.

'हेही मोठं आहे गं,' म्हणाली.