"समुद्रतळाशी नुसता चिखल आहे" म्हणणाऱ्या व्हिडिओला उत्तर

नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मराठी व्हिडिओ फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: हिंदी महासागराच्या तळाशी बटाट्याएवढे काळे गोळे पडलेत, त्यांत सोनं, निकेल, कोबाल्ट ठासून भरलंय आणि ते सगळं भारताच्या मालकीचं आहे. खाली जीवसृष्टी नाही, नुसता चिखल आहे. उठलेला गाळ चार दिवसांत बसतो, गोळे पुन्हा तयार होतात. विरोध करणारे परदेशी पैशावर बोलतात. आणि शेवटी, आमच्या योजनेत आजच पैसे गुंतवा.

माझ्या मामांना हा व्हिडिओ गोल्फ क्लबवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर मिळाला. मामा सरकारी प्रेसमधून, नाशिकच्या छापखान्यातून, निवृत्त झालेत, हिशोबाला पक्के आहेत, तरी त्यांनी बँकेतली ठेव मोडायची तयारी केली होती. समजवायला गेले तर म्हणाले, "अगं, पूर ओसरला की गंगा निवळतेच ना? मग समुद्राचं काय घेऊन बसलीस?" (गंगा म्हणजे आमची गोदावरी.) मला राग आला तो मामांचा नाही, व्हिडिओ बनवणाऱ्यांचा. म्हणून हे उत्तर.

गोळे खरे आहेत, एवढं मान्य. 1981 साली 'गवेषणी' जहाजावरून आपल्या शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वर काढले. मध्य हिंदी महासागरात शोधासाठी भारताच्या वाट्याला आलेल्या क्षेत्रात सुमारे 38 कोटी टन गोळे असल्याचा सरकारी अंदाज आहे. पण त्याच अंदाजातलं निकेल 47 लाख टन आणि कोबाल्ट साडेपाच लाख टन आहे. म्हणजे एक टन गोळ्यांमागे साधारण 12 किलो निकेल आणि दीड किलोही नाही एवढं कोबाल्ट. जवळजवळ पाव हिस्सा मँगनीज. सोन्यासाठी हे गोळे कोणीही काढत नाही. "ठासून भरलंय" कुठून आलं?

मालकीचं तर सरळ खोटं आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेचं ते 75,000 चौरस किलोमीटरचं क्षेत्र, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या जवळपास पाचपट, कोणत्याच देशाचं नाही. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारानुसार तो अख्ख्या मानवजातीचा वारसा आहे. जमैकातल्या किंग्स्टनला आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण आहे, त्याच्याशी भारताने 2002 मध्ये करार केला तो फक्त शोध घेण्याचा. व्यापारी खाणकामाचा परवाना या प्राधिकरणाने आजवर कुठल्याही देशाला दिलेला नाही.

आता तो चिखल. सगळ्यात मोठं खोटं इथेच आहे.

चार ते सहा किलोमीटर खोल, पूर्ण अंधार, पाण्याचं तापमान गोठणबिंदूच्या जरा वर. अशा तळावर टणक असं जवळजवळ काही नसतं, सगळा मऊ गाळ. ज्या प्राण्यांना बूड टेकवायला घट्ट जागा लागते, ते स्पंज, प्रवाळ, समुद्रफुलं या गोळ्यांनाच धरून वाढतात. पेरूजवळच्या समुद्रात चार किलोमीटरहून खोल एक फिकट ऑक्टोपस सापडला. गोळ्यावर उगवलेल्या मेलेल्या स्पंजाच्या देठावर त्याची मादी अंडी घालते आणि त्यांना वेढून बसून राहते. 2016 मध्ये हे प्रसिद्ध झालं. गोळा उचलला की स्पंज नाही, देठ नाही, अंडी घालायला जागा नाही. हवाई आणि मेक्सिकोच्या मधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात, जिथे सगळ्यात जास्त कंपन्यांचा डोळा आहे, 2023 मधल्या मोजणीत साडेपाच हजारांवर प्रजातींचा अंदाज निघाला. त्यांतल्या दहापैकी नऊ प्रजातींना विज्ञानाने अजून नावही दिलेलं नाही. ज्यांची नोंदसुद्धा झाली नाही, त्यांना "काही नाही" म्हणून मोकळं होता येत नाही.

आणि गोळे पुन्हा तयार होतात म्हणे! होतात. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, या वेगाने.

मामांच्या गंगेचंही बघू. पुरात नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागतं, घाटावर गाळ बसतो, नंतर पाणी निवळतं, हे आपण सगळे दर पावसाळ्यात बघतो. पण नदी वाहती आहे. त्र्यंबककडून दरवर्षी नवी माती येते, जुनी पुढे जाते आणि नदीतले जीव त्या गढूळपणाला सरावलेले आहेत. खोल समुद्रात हजार वर्षांत काही मिलिमीटर गाळ साठतो. यंत्र गोळ्यांबरोबर वरचा काही सेंटिमीटर थरही खरवडून नेतं, आणि तिथल्या बहुतेक जिवांचं घर आणि अन्न त्याच थरात असतं. तो पुन्हा आणायला वरून पूर येत नाही.

हे कोणी कल्पनेने सांगत नाही. 1979 मध्ये त्याच क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात एका खाणयंत्राची छोटी चाचणी झाली होती. ब्रिटनच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान केंद्राच्या डॅनियल जोन्स यांच्या गटाने 44 वर्षांनी, 2023 मध्ये, ती जागा पुन्हा पाहिली. त्यांचा निबंध मार्च 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. यंत्राचे पट्टे तसेच्या तसे दिसतात. लहान, हिंडणारे काही जीव परतू लागलेत, पण तळाला धरून राहणारे मोठे प्राणी त्या पट्ट्यांत अजूनही फार विरळ आहेत. याच निबंधातलं एक वाक्य व्हिडिओवाल्यांच्या बाजूचं आहे, तेही सांगते: जिथे नुसता उडालेला गाळ बसला होता, तिथल्या प्राण्यांच्या संख्येवर फारसा कायमचा परिणाम दिसला नाही. पण ती एका यंत्राची थोडक्यातली चाचणी होती. खरी खाण वर्षानुवर्षं चालेल, शेकडो चौरस किलोमीटरवर. चव्वेचाळीस वर्षांत छोटी जखम भरली नाही, आणि हे चार दिवसांच्या गोष्टी करतात.

बॅटऱ्यांसाठी हे धातू लागतातच, असंही व्हिडिओ म्हणतो. इंडोनेशियात निकेलसाठी जंगलं तुटताहेत, हे मला नाकारता येत नाही. पण लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत निकेलही नसतं आणि कोबाल्टही नसतं, आणि त्यांवर धावणाऱ्या गाड्या रस्त्यावर आहेत.

परदेशी पैशाचं म्हणाल, तर तळ ढवळल्यावर काय होतं हे तपासणारा प्रयोग 1997 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मध्य हिंदी महासागरात केला. संस्था आपल्या सरकारची.

राहिली योजना. नॉटिलस मिनरल्स या कंपनीला पापुआ न्यू गिनीच्या स्वतःच्या हद्दीतल्या समुद्रतळावरच्या खाणीसाठी प्रत्यक्ष परवाना मिळाला होता, तिथलं सरकार भागीदार होतं. 2019 मध्ये कंपनी बुडाली, खाण सुरूच झाली नाही, सरकारचे पैसे गेले. सरकारच्या पैशाचं हे झालं, मग मामांच्या ठेवीचं काय होईल? त्या योजनेच्या माणसाला मी मामांकरवी सेबीचा (गुंतवणूक बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नोंदणी क्रमांक विचारायला लावला. "पाठवतो" म्हणाला, अजून आलेला नाही. ग्रुपमधल्या कोणी पैसे भरले असतील तर आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, आणि बँकेलाही कळवा.