धुरानं उतारा वाढतो म्हणे!

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज लै फिरतोय. प्रदूषण हे दिल्ली-मुंबईवाल्यांचं दुखणं, मराठवाड्याची हवा शुद्ध, आणि धुरातला कार्बन तर झाडाचं खाणंच, त्यानं उतारा म्हणजे पिकाचं उत्पन्न वाढतं, वरून राख पडली तर फुकटचं खत. लाईकही भरपूर पडलेत.

हवा शुद्ध? केंद्राच्या 2019 च्या क्लीन एअर प्रोग्राममधे हवेच्या मानकात न बसणाऱ्या शहरांत संभाजीनगर, जालना, लातूर तिन्ही आहेत. ती शहरं झाली, आमचं शेत लांब आहे असं म्हणाल तर खरी गोम तिथंच आहे. पिकाचा मोठा वैरी म्हणजे जमिनीलगतचा ओझोन वायू. गाड्या, भट्ट्या, पॉवर प्लांट, पेटवलेल्या पऱ्हाट्या-पाचट यांच्या वायूंवर ऊन पडलं की तो बनतो, बनायला वेळ लागतो, तोवर वारा ते वायू घेऊन शिवारात आलेला असतो, आणि शहरात गाड्यांचा ताजा धूर त्यातला थोडा ओझोन संपवतो सुद्धा, म्हणून बऱ्याचदा शहरापेक्षा भोवतालच्या खेड्यातच तो जास्त. डोळ्याला दिसत नाही. पानाच्या छिद्रातून आत शिरतो, पान वेळेआधी पिवळं पडतं, दाणा बारीक राहतो आणि आपण दुकानदाराला विचारून आणखी एक फवारा मारतो! गहू, सोयाबीन, कापूस याला लवकर बळी पडतात, ज्वारी त्यामानानं दणकट. पावसाळ्यात ढगांमुळं ओझोन कमी असतो हे मान्य, त्यामुळं जास्त भीती रब्बीच्या गव्हाला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2014 मधे मांडलेल्या हिशोबानुसार 2005 साली देशात ओझोननं गेलेला गहू अंदाजे 35 लाख टन होता.

आता कार्बन. मेसेजवाल्यानं काजळी आणि कार्बन डायऑक्साईड एकाच पोत्यात भरलेत. काजळी ऊन अडवते, ती कुठलं खाणं? कार्बन डायऑक्साईडनं गहू, सोयाबीन वाढतं हे खरंय, पण हा वायू 550 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 550 भाग) आसपास ठेवून शेतात घेतलेल्या प्रयोगांत गव्हातलं जस्त साधारण 9 टक्के, प्रथिनं 6 टक्के आणि लोह 5 टक्के कमी भरलं (नेचर नियतकालिक, 2014). म्हणजे पोतं भरलं तरी पोळीतला कस गेला.

राखेचं तर काय बोलावं. पानावर थर बसला की ऊन पोचत नाही, छिद्रं बुजतात. परळीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. आणि खत म्हणाल तर कोळशाच्या राखेत नत्र कुठून येणार, ते जळतानाच धुराड्यातून वायू होऊन उडून जातं आणि तोच वायू पुढं ओझोन बनायला हातभार लावतो.