नुसता पेहराव नव्हता तो

तोच मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: "पंक आणि स्किनहेड रॉकमधलं नाझीपण म्हणजे लोकांना डिवचायला केलेलं नाटक. मुळात ते संगीत जमैकातल्या काळ्या लोकांकडून आलेलं, ते वर्णद्वेषी कसं असेल? साउथॉलमध्ये तर बिचाऱ्या बँडवरच हल्ला झाला. मूठभर माथेफिरू पोरं होती, त्यांचा म्होरक्या 1993 मध्ये मेला, विषय संपला."

पंक म्हणजे 1970च्या दशकातलं कर्कश, बंडखोर रॉक; स्किनहेड म्हणजे डोकं भादरलेली ब्रिटिश कामगार वस्त्यांतली पोरं. मी हे संगीत वीसेक वर्षं ऐकतोय आणि माझा त्याच्यावर जीव आहे. म्हणूनच हे वाचून तिडीक येते. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य खऱ्याला चाटून जातं आणि भलतीकडेच पोचतं.

जमैकाचं घ्या. ते खरंच आहे. 1960च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या कामगार वस्त्यांतली गोरी स्किनहेड पोरं जमैकन शेजाऱ्यांच्या स्का आणि रेगेवर नाचत होती. त्यांना हव्या त्या रेकॉर्ड 1968 मध्ये सुरू झालेलं ट्रोजन हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, पुरवत होतं. पण याच पोरांतल्या काहींनी त्याच काळात आशियाई माणसांना रस्त्यात गाठून मारायचा खेळ मांडला होता. एप्रिल 1970 मध्ये पूर्व लंडनमध्ये तोसिर अली यांचा खून झाला आणि 'पाकी-बॅशिंग' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. पाकी म्हणजे पाकिस्तानीच असं काही नव्हतं. सावळा दिसला की पुरे. रेगे आवडणं आणि शेजारच्या बंगाल्याला तुडवणं एकाच माणसाला जमत होतं. संगीताचं मूळ कुठलं यावरून ऐकणाऱ्याची वर्तणूक ठरत नाही.

पंकच्या सुरुवातीला, 1976-77 मध्ये, सिड व्हिशस आणि सूक्सी या पंक कलाकारांनी मिरवलेलं नाझी चिन्ह मात्र बव्हंशी डिवचण्यासाठीच होतं, हे मान्य. (आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाचा इथे संबंध नाही.) पण चेष्टा म्हणून उघडं ठेवलेलं दार फक्त चेष्टेखोरांसाठीच उघडं राहत नाही. हा धोका म्हणजे नुसता बाऊ नव्हता हे सगळ्यात आधी ओळखलं ते संगीतवाल्यांनीच. ऑगस्ट 1976 मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून प्रसिद्ध ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन परदेशी लोकांविरुद्ध बरळला. त्याच्या निषेधातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' (वर्णद्वेषाविरुद्ध रॉक) ही चळवळ उभी राहिली. 30 एप्रिल 1978 रोजी तिच्या कार्यक्रमाला, लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात, द क्लॅश, स्टील पल्स आणि एक्स-रे स्पेक्स हे बँड ऐकायला हजारो लोक लोटले. चारच दिवसांनी, 4 मेला, पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये आल्ताब अली हा तरुण बंगाली कामगार घरी परतताना भोसकला गेला.

आता साउथॉल. या एका मुद्द्यावर सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात.

साउथॉल ही पश्चिम लंडनमधली पंजाबी वस्ती. 1976 मध्ये तिथे गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा खून झाला होता. एप्रिल 1979 मध्ये नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाने तिथल्या टाउन हॉलात सभा घेतली आणि तिच्याविरुद्धच्या निदर्शनात ब्लेअर पीच हे शिक्षक मारले गेले. अशा गावात 3 जुलै 1981 रोजी हॅम्बरो टॅव्हर्न या पबमध्ये 'ओय!' या स्किनहेडांच्या लाडक्या पंक प्रकाराची गिग (मैफल) ठरली. द फोर-स्किन्स, द बिझनेस आणि द लास्ट रिसॉर्ट हे तीन बँड वाजवणार होते. पूर्व लंडनहून बसगाड्या भरून स्किनहेड आले. दुकानांच्या काचा फुटल्या, बायकांना त्रास झाला. मग स्थानिक पोरं जमली, पोलीस मध्ये पडले, पेट्रोल बाँब पडले आणि पब जळून खाक झाला.

बँडवाले म्हणाले, आम्ही नाझी नाही. ते मी मानतो. द बिझनेस तर पुढे उघडपणे वर्णद्वेषाविरुद्ध उभे राहिले. पण काही आठवड्यांपूर्वीच बाजारात आलेल्या 'ओय!' गाण्यांच्या संग्रहाचं नाव नाझींच्या 'आनंदातून शक्ती' या घोषणेवरून घेतलेलं होतं. मुखपृष्ठावर निकी क्रेन होता, ब्रिटिश मूव्हमेंट या नाझी संघटनेचा माणूस, आणि त्याच वर्षी एका हल्ल्याबद्दल तुरुंगात गेलेला. आम्हाला तो कोण हे ठाऊक नव्हतं, असं संग्रह काढणारे म्हणाले. असेलही. साउथॉलच्या दुकानदाराने मात्र त्या रात्री कुठला स्किनहेड रेगेवाला आणि कुठला नाझी हे कसं ओळखायचं होतं?

राहिला 'मूठभर माथेफिरू'चा मुद्दा. माथेफिरू माणूस हिशेबाची वही ठेवत नाही. त्या मजकुरातला म्होरक्या म्हणजे इयन स्टुअर्ट डोनाल्डसन. त्याचा स्क्रूड्रायव्हर हा लँकेशरचा बँड. त्याची 1977ची पहिली रेकॉर्ड साधी पंक होती. 1982 मध्ये त्याने बँड नव्याने बांधला आणि 1983 मध्ये गोऱ्यांच्या सत्तेचा जयघोष करणारी रेकॉर्ड काढली. ती छापणारं लेबल नॅशनल फ्रंटच्याच लोकांचं. पुढचे अल्बम जर्मनीतल्या रॉक-ओ-रामा या लेबलने काढले. 1987 मध्ये त्याने 'ब्लड अँड ऑनर' हे जाळं उभारलं. हे नाव हिटलरच्या युवक संघटनेच्या ब्रीदावरून उचललेलं. मासिक, गिग, टपालाने विक्री, देशोदेशी शाखा, असा तो व्यवस्थित धंदा होता. पोरांना भाषण ऐकवत नाही, गाणं ऐकवतं, हे त्यांना नीट कळलं होतं.

डोनाल्डसन सप्टेंबर 1993 मध्ये मोटार अपघातात मेला, हे खरं. त्याच वर्षी अमेरिकेत रेझिस्टन्स रेकॉर्ड्स हे तसलंच लेबल सुरू झालं आणि 1999 मध्ये ते नॅशनल अलायन्स या नवनाझी संघटनेचा पुढारी विल्यम पिअर्सने विकत घेतलं. जर्मनीने 2000 मध्ये ब्लड अँड ऑनरवर बंदी घातली. पण त्याआधीच, 1998 मध्ये, या जाळ्यातल्या लोकांनी केमनिट्समध्ये तीन फरारी नवनाझींना आसरा दिला होता. त्यांच्या 'एनएसयू' (नॅशनल सोशॅलिस्ट अंडरग्राउंड) टोळीने 2000 ते 2007 या काळात दहा माणसं मारली, बहुतेक तुर्की वंशाचे छोटे व्यावसायिक. लांडसर या जर्मन नवनाझी बँडला तर 2003 मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने गुन्हेगारी टोळी ठरवलं.

आणि 5 ऑगस्ट 2012. क्लॅप्टनने बर्मिंगहॅममध्ये तोंड उघडलं तीच तारीख, 36 वर्षांनंतर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, ओक क्रीकच्या गुरुद्वारात रविवारच्या लंगरची तयारी चालली होती. वेड मायकेल पेज नावाचा माणूस पिस्तूल घेऊन आत शिरला. तो माजी सैनिक होता आणि श्वेतवर्चस्ववादी बँडांत वर्षानुवर्षं गिटार वाजवत होता. सहा जण त्याच दिवशी गेले. डोक्याला गोळी लागलेले एक ग्रंथी, म्हणजे गुरुद्वारात धर्मग्रंथ वाचणारे, अंथरुणाला खिळले आणि 2020 मध्ये वारले.