पेशी उपाशी नसतात, हे मान्य, पण...

इन्सुलिन रेझिस्टन्सवर, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्या अवस्थेवर, मी आधी लिहिलं होतं. त्यावरचा तुमचा आक्षेप नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही विचारलंत: 'इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये पेशी उपाशी राहतात, तर वजन घटायला हवं. ते वाढतं कसं? आणि शुगर नॉर्मल असलेल्यांना कशाला घाबरवता?'

पहिला मुद्दा मान्य. 'उपाशी पेशी' हे शब्द मी वापरायलाच नको होते. इन्सुलिनचा निरोप आला की स्नायूच्या पेशीतली ग्लूट-४ ही प्रथिनं आवरणापाशी येतात आणि ग्लुकोज आत घेतात. रेझिस्टन्समध्ये हा निरोप क्षीण होतो. पण बरेचदा त्या पेशीत आधीच मेद साचलेला असतो. तिची उपासमार होत नाही, तिला अजीर्ण झालेलं असतं! निरोगी स्नायू जेवणानंतर मुख्यतः साखर जाळतो आणि रात्रीच्या उपवासात मेदाकडे वळतो. इथे ही अदलाबदलच अडखळते.

यकृताचं वागणं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. 'ग्लुकोज बनवणं थांबव' हा इन्सुलिनचा हुकूम ते नीट पाळत नाही, 'मेद बनव' हा मात्र पाळत राहतं. म्हणून रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातला मेद) दोन्ही चढतात. वजनाचं म्हणाल तर ते बहुतेकदा आधी वाढतं, रेझिस्टन्स मागून येतो. सडपातळ माणसंही यातून सुटत नाहीत.

दुसरा मुद्दा मात्र मला पटत नाही. निरोप क्षीण झाला की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि त्या जोरावर उपाशीपोटीची साखर कित्येक वर्षं १००च्या आत राहू शकते. रिपोर्ट चांगला दिसतो, पण तो टिकवायला स्वादुपिंड किती राबतंय हे त्यात दिसत नाही. १९६०मध्ये यॅलो आणि बर्सन या अमेरिकन संशोधकांनी रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत मांडली, तेव्हा प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात ते भरपूर सापडलं. त्याआधी मधुमेह म्हणजे इन्सुलिनची टंचाई, असंच बहुतेकांना वाटे.

थकव्याचं खापर इन्सुलिन रेझिस्टन्सवर फोडताना मी घाई केली, तेही कबूल करते. रक्त कमी असणं, थायरॉईड, अपुरी झोप ही कारणं आधी तपासायला हवीत. सगळा थकवा इन्सुलिनच्या माथी मारणं चूकच.

आणि घाबरवायचं कधीच नव्हतं. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाची वाट न पाहता ग्लूट-४ आवरणापाशी आणतो. ही दुसरी वाट रेझिस्टन्समध्येही बरीचशी शाबूत असते. जेवणानंतर चाला, असं मी पुन्हा पुन्हा लिहिते ते यासाठीच.