जमिनीवरचे मालक आणि जमिनीखालचे मालक

कोकणातील जमिनींवरून महाराष्ट्रात चालू असलेला वाद आम्हा परदेशस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरही तितक्याच हिरिरीने चालतो. एका बाजूचे म्हणणे असे की मुंबई-पुण्याचे आणि त्याही पलीकडचे पैसेवाले रत्नागिरी-सिंधुदुर्गात डोंगरच्या डोंगर घेत सुटले आहेत, तेव्हा बाहेरच्यांना जमीन विकण्यावर कडक बंधन आणावे. दुसरी बाजू 1948 च्या कूळकायद्यातील कलम 63 कडे बोट दाखवते. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ न देणारी ही तरतूद आता निरर्थक झाली आहे, कर्नाटकाने 2020 मध्ये तशीच अट उठवली, मग आपण कशाला धरून बसायचे, असा तिचा सवाल असतो. गोव्यातही थोड्याफार फरकाने हेच ऐकू येते. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे खरेदीदार कोण यावरच गावाचे भले-बुरे ठरते. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिणेकडील कोळसापट्ट्यात घर शोधू लागल्यापासून मला ते गृहीतक पटेनासे झाले आहे.

आम्ही येथे आलो ते पत्नीच्या नोकरीमुळे. जे-1 व्हिसावर प्रशिक्षण घेतलेल्या परदेशी डॉक्टरांना एरवी दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. ती अट माफ करून घ्यायची असेल तर डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे, अशी सोय कॉनराड कार्यक्रमात असून प्रत्येक राज्याला वर्षाला 30 जागा मिळतात. या वाटेने, आणि त्याही आधी 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर, पूर्व अमेरिकेतील अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांत भारतीय डॉक्टर येतच राहिले आहेत, त्यामुळे खाणीच्या गावातील आजीबाईंना भारतीय डॉक्टरीणबाईंचे अप्रूप नसते. अप्रूप वाटते ते डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याचे, जो घरी बसून संगणकावर काम करतो आणि सुट्टी काढून काउंटीच्या, म्हणजे येथल्या जिल्ह्याच्या, कोर्टहाऊसमध्ये जुनी खरेदीखते चाळत बसतो.

आकडे पाहिले तर येथे घर मिळणे अगदी सोपे वाटावे. मॅकडॉवेल काउंटीची लोकसंख्या 1950 मध्ये 98,887 होती, ती 2020 च्या जनगणनेत 19,111 भरली. रस्त्याच्या दुतर्फा रिकामी घरे दिसतात आणि किमती पुण्याच्या उपनगरातील दोन खोल्यांपेक्षाही कमी असतात. परंतु यांतील बरीच घरे आजोबा-पणजोबांच्या नावावरच राहिलेली आहेत. मृत्युपत्र नाही, वाटप नाही, वारस ओहायो, मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायनात पांगलेले, त्यामुळे एकाची सही मिळाली तर दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. (ज्याने कोकणातला सामाईक सातबारा पाहिला आहे त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.) उरलेली घरे चर्चमध्ये किंवा पेट्रोल पंपावर तोंडोतोंडी विकली जातात. ज्यांची रीतसर जाहिरात होते त्यांच्यावर कर्ज मिळणे कठीण, कारण इतक्या लहान रकमेच्या कर्जात बँकांना स्वारस्य नसते आणि मूल्यांकन करणाऱ्याला तुलनेसाठी आसपासचे ताजे व्यवहार सापडत नाहीत. नवे बांधावे म्हटले तर बांधकामाचा खर्च तयार घराच्या बाजारभावापेक्षा जास्त होतो, म्हणून कोणी बांधत नाही.

त्यात येथील भूगोल. डोंगर एकमेकांना खेटून उभे, मधल्या चिंचोळ्या घळीत ओढा, रस्ता, बहुधा रेल्वेचा रूळ आणि उरलेल्या पट्टीवर घरे. या घळींना स्थानिक लोक हॉलर म्हणतात. सपाट जागा म्हणजे ओढ्याकाठची जागा, आणि ओढ्याकाठची जागा म्हणजे पुराची जागा. सरकारी पूरनकाशात घर धोक्याच्या पट्ट्यात येत असेल तर कर्ज देणारी बँक पूरविम्याची सक्ती करते, आणि तो विमा साधारणपणे 30 दिवसांनी लागू होत असल्याने आभाळ भरून आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. आम्ही पाहिलेल्या एका घरात तळघराच्या भिंतीला नुकताच पांढरा रंग दिलेला होता, पण पाणी तापवण्याच्या टाकीच्या पत्र्यावर गुडघ्याच्या उंचीला गाळाची तपकिरी रेघ तशीच राहून गेली होती. घरमालकाने ती पुसली असती तर आम्हाला काही कळलेही नसते.

घराइतकेच घळीच्या वरच्या टोकाला काय आहे तेही पाहावे लागते. लोगन काउंटीत 26 फेब्रुवारी 1972 रोजी बफेलो क्रीकच्या वरच्या अंगाला खाणीतील टाकाऊ मालाचा घातलेला बंधारा फुटला आणि काळ्या पाण्याने खालच्या वस्त्या धुऊन नेल्या. त्यात 125 माणसे मेली आणि हजारो बेघर झाली. शेजारच्या पूर्व केंटकीत जुलै 2022 च्या पुरानंतर सरकारने उंचावर नव्या वसाहती उभारायला घेतल्या, त्यांतील काही जुन्या उघड्या खाणींच्या सपाट केलेल्या जमिनीवर आहेत. ज्या खाणकामाने डोंगराचा माथा गेला त्यानेच पुरापासून सुरक्षित अशी सपाट जागा मागे ठेवली, हा उपरोध तेथील लोक बोलून दाखवतात, आणि मग भरावाची जमीन पुरती बसली आहे का, हेही विचारतात.

अखेर आम्हाला एक घर आवडले. लाकडी, दोन मजली, पुढे लांबलचक ओसरी, म्हणजे कोळसा कंपनीने कामगारांसाठी एकाच साच्यात बांधलेल्या घरांपैकी एक. विसाव्या शतकाच्या मध्यास खाणींत यंत्रे आली, माणसे कमी झाली, तसतशी अनेक कंपन्यांनी ही घरे त्यांत राहणाऱ्यांनाच विकून टाकली. वकिलांनी त्या वेळचे खरेदीखत काढून दिले. पहिल्या अर्ध्या पानात घराच्या चतुःसीमा आहेत, आणि पुढे दीड पान कंपनीने स्वतःकडे काय राखून ठेवले त्याची यादी. जमिनीखालचा सर्व कोळसा, तेल आणि वायू, तो काढण्यासाठी बोगदे नेण्याचा हक्क, वरच्या जमिनीला आधार म्हणून कोळशाचे खांब न ठेवण्याची मुभा आणि जमीन खचून घराचे किंवा विहिरीचे नुकसान झाल्यास कोणतीही भरपाई न देण्याची अट. त्यानंतरच्या प्रत्येक खरेदीखतात एवढेच एक वाक्य आहे की पूर्वीच्या दस्तांतील राखीव हक्कांस अधीन राहून ही विक्री केली आहे. आपल्याकडे वकील तीस वर्षांचा शोध अहवाल देतात. येथे तीस वर्षे मागे गेले तर हे वाक्यच हाती लागते, मूळ अट त्याच्या कितीतरी मागे असते. शिवाय मालकीहक्काचा विमा उतरवला तरी खनिजांपुरता तो सहसा हात वर करतो.

पूर्व केंटकीत याच गोष्टीने दोन-तीन पिढ्या पोळल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढील काही दशकांत जॉन सी. सी. मेयो यांच्यासारख्या उद्योजकांनी डोंगराळ शेतकऱ्यांकडून जमीन घेतली नाही, फक्त खालची खनिजे घेतली, आणि तीही नगण्य दराने. शेत, घर, कर भरण्याची जबाबदारी, सगळे शेतकऱ्याकडेच राहिले. त्या दस्तांत खनिजे काढण्यास सोयीचे ते सर्व करण्याचा मोघम हक्क लिहिलेला होता. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुदळ-फावडे होते, पण दुसऱ्या महायुद्धानंतर बुलडोझर आले, आणि राज्याच्या न्यायालयाने 1956 मध्ये त्या हक्कात वरची जमीन खरवडून काढणेही बसते असा अर्थ लावला. नॉट काउंटीतील ओली कोम्ब्स ही विधवा 1965 मध्ये आपल्या जमिनीवर आलेल्या बुलडोझरपुढे ठाण मांडून बसली. पोलिसांनी तिला उचलून नेतानाची छायाचित्रे देशभर छापली गेली. तरीही केंटकीच्या मतदारांना राज्यघटनेत दुरुस्ती करून घेण्यासाठी 1988 उजाडावे लागले. कोळसा कोणत्या पद्धतीने काढायचा हे दस्तात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर दस्त झाला त्या काळी त्या भागात प्रचलित असलेल्या पद्धतीपुरताच हक्क समजावा, अशी ती दुरुस्ती होती, आणि तिला पाचांपैकी चारांहून अधिक मते मिळाली.

कोकणातील वादाची मोजपट्टी येथे लावून पाहिली तर काय दिसते? जमीन विकत घेऊन कोणी बाहेरचा येथे राहायला आलाच नव्हता. गावकरी गावातच राहिले, कागदोपत्री मालकही राहिले, आणि तरीही निर्णय दूरच्या शहरातील कार्यालयात होत गेले. या डोंगराळ पट्ट्यातील सहा राज्यांच्या 80 काउंट्यांचे दप्तर तपासून 1981 मध्ये एक मोठी पाहणी पुरी झाली. तिच्या कक्षेत आलेल्या जमिनीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जमीन आणि त्याहूनही अधिक खनिजे गैरहजर मालकांकडे असल्याचे तिला आढळले. वेस्ट व्हर्जिनियात 2021 पासून घरून काम करणाऱ्यांना राहायला बोलावून 12,000 डॉलर देण्याची योजना चालू आहे, आणि कोळसा गेल्यावर माणसे यावीत म्हणून चाललेल्या त्या धडपडीत नवख्याच्या जन्मगावाची चौकशी कोणी करत नाही. व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक असूनही मी येथे डोंगर विकत घेऊ शकतो, आणि अनिवासी म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात एक गुंठा शेतजमीनही मला विकत घेता येत नाही, ती वारशानेच मिळू शकते. मला त्याची तक्रार नाही. या नियमाने कोकणाचे नेमके काय वाचते, एवढे मात्र विचारावेसे वाटते, कारण शेतकऱ्याचा दाखला असलेला धनवान खरेदीदार त्यातून अलगद पार होतो.

यावर गटातील एका मित्राने उत्तर दिले की आपल्याकडे खनिजे सरकारची असतात, म्हणून अमेरिकेचे उदाहरण गैरलागू आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 48 खनिजांवर राज्याचा हक्क सांगते आणि कोळशाच्या खाणींचे 1973 मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, हे खरेच आहे. पण ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे जुन्या भूमिगत कोळसा खाणीवर वसलेल्या वस्तीतील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पळाल्याने वाचली, आणि आजूबाजूच्या अनेक कुटुंबांना तेथून हलवावे लागले. खालचा मालक कंपनी असो वा सरकार, वर राहणाऱ्याला खाली पोकळी आहे हे कळले नाही तर त्याच्या दृष्टीने दोघांत फरक राहत नाही.

या बाबतीत मात्र येथील व्यवस्था, उशिरा आणि पुष्कळ रक्त आटवून का होईना, आपल्यापुढे गेली आहे. भूमिगत खाणकामामुळे राहत्या घराचे नुकसान झाल्यास खाणचालकाने दुरुस्ती किंवा भरपाई द्यावी आणि घरच्या वापराचे पाणी आटले तर पर्यायी पाणी पुरवावे, असे 1992 च्या केंद्रीय कायद्याने ठरवले. ज्या खाणींचा चालकच उरला नाही त्यांच्यासाठी वेस्ट व्हर्जिनियात घराच्या विम्याला जमीन खचण्याचा विमा जोडलेलाच असतो, नको असेल तर तसे लिहून द्यावे लागते. राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने जुन्या भूमिगत खाणींचे नकाशे कोणालाही पाहता येतील असे खुले केले आहेत. फार जुन्या, लहानसहान खाणींचे नकाशे कधी जमाच झाले नाहीत, हा त्यातला धोका उरतोच.

आमच्या आवडत्या घराखालचा कोळसा काढून नेलेला आहे, असे तो नकाशा दाखवतो. ते घर आम्ही सोडून दिले आणि सध्या भाड्याने राहतो. तीन वर्षांच्या करारावर आलेल्या कुटुंबाने येथे घर विकत घ्यावे का, यावर आमचे घरातही एकमत नाही. पत्नीला रुग्णांच्या गावातच स्वतःचे घर हवे आहे, आणि मला वाटते की घर घेऊन तीन वर्षांनी निघून जाणारा म्हणजे आणखी एक गैरहजर मालक.

महाराष्ट्रापुरते म्हणाल तर, सातबाऱ्यावर इतर हक्कांचा रकाना आधीपासून आहे आणि एकाच कागदावर बोजा दाखवण्याची ही सोय अमेरिकेतील दस्तांच्या जाडजूड बाडांपेक्षा कितीतरी सरस आहे. चंद्रपूर आणि वणी भागात जमिनीखाली जुनी खाण असेल तर तिची नोंद त्या रकान्यात, आणि गावठाणात मिळकतपत्रिकेवर, सक्तीने यावी, आणि ती नोंद वाचल्याची खरेदीदाराची सही दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवण्याआधी घ्यावी. कोकणात खाणपट्टा किंवा प्रकल्पासाठी केलेले विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्रे यांनाही हाच नियम लावावा, कारण गावाच्या पुढाऱ्यापासून वारसापर्यंत सर्वांना अंधारात ठेवून होणारे व्यवहार बहुधा याच कागदांवर होतात. कलम 63 ठेवायचे की काढायचे, यावरचे भांडण त्यानंतर सावकाश चालू द्यावे.