गोडेलनं गणित मोडलेलं नाही

बी.एस्सी.चे निकाल लागले की कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. मजकूर थोडक्यात असा: ‘1931 साली गोडेलनं गणित अपूर्ण असल्याचं सिद्ध केलं, पाया तिथंच ढासळला. गणिती तर्कशास्त्रात आता राम नाही, नोकरी नाही, आणि त्यात शिरलेली माणसं वेडी होतात.’ यावर विसंबून पोरांनी विषय सोडू नये, म्हणून हे उत्तर.

पाया ढासळला, हे आधी घेऊ. गोडेल हा तर्कशास्त्रज्ञ. त्याचं म्हणणं असं: बेरीज-गुणाकाराच्या अंकगणिताचे नियम यंत्राला तपासता येतील असे मांडले आणि ते परस्परविरोधी नसले, तर त्यांतून सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही असं एखादं विधान उरतंच. ‘अपूर्ण’ आहे ती नियमांची यादी. सिद्ध झालेल्या एकाही प्रमेयाला यानं धक्का लागत नाही. नुसत्या बेरजेचं अंकगणित तर पूर्ण आहे. प्रेसबर्गरनं ते 1929 सालीच दाखवलं.

अशा यादीबाहेर राहिलेल्या विधानाचं उदाहरण म्हणून गुडस्टाइनची क्रमिका (ठरलेल्या नियमानं पुढं जाणारी संख्यांची रांग) हातानं करून बघा. 4 घ्या. पाया 2 मध्ये, म्हणजे 2 चे घात वापरून लिहिला, तर तो 2 चा 2 रा घात. सगळे 2 बदलून 3 करा: 27. एक वजा: 26. आता 26 पाया 3 मध्ये लिहा, 3 च्या जागी 4 घाला, एक वजा करा: 41. पुढं 60. आकडे फुगतच जातात. पण ही क्रमिका शेवटी शून्यावर येतेच. लागणाऱ्या पायऱ्यांची नुसती संख्या लिहायला 12 कोटींहून जास्त अंक लागतात! सुरुवात कुठल्याही संख्येनं केली तरी शेवट शून्यच, हे गुडस्टाइननं 1944 साली सिद्ध केलं. 1982 साली कर्बी आणि पॅरिस यांनी दाखवलं की पेआनोच्या नियमांतून (अंकगणिताच्या नेहमीच्या यादीतून) ते सिद्ध होऊ शकत नाही. म्हणजे एका यादीत न मावलेलं सत्य अनंत क्रमवाचक संख्यांच्या (मोजणी अनंताच्याही पुढं नेणाऱ्या संख्यांच्या) आधारानं पक्कं सिद्ध होतं. याला पाया ढासळणं कसं म्हणायचं?

विषय मेला म्हणावं, तर 1936 साली ट्यूरिंगनं गणनयंत्राची संकल्पना याच प्रश्नांतून काढली, आणि कोहेनला 1966 साली फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळाला तो संचसिद्धांत या तर्कशास्त्राच्या शाखेतल्या कामासाठी.

वेडाबद्दल एवढंच: गोडेल शेवटी अन्न नाकारून 1978 साली गेला, हे खरं. तो आजार होता. तार्स्की हाही तेवढाच मोठा तर्कशास्त्रज्ञ, तो 82 वर्षं जगला आणि कित्येक विद्यार्थी घडवून गेला.

नोकरीचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. शुद्ध संचसिद्धांतावर भारतात जागा मोजक्याच आहेत, हे पोरांना स्पष्ट सांगावं. पण पेंटियम चिपच्या भागाकारातली चूक 1994 साली इंटेलला 47.5 कोटी डॉलरना पडली, आणि त्यानंतर चिपचं गणित सिद्धतेनं तपासायला तर्कशास्त्राचीच माणसं लागली. चार रंगांच्या प्रमेयाची (शेजारचे भाग वेगळे दिसतील असा कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो) सिद्धता 2005 साली संगणकाकडून ओळीन्‌ओळ तपासून झाली. ज्याला तर्कशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही येतं, त्याला संगणकशास्त्राची दारंही उघडी आहेत.

इथून जायची वाट अशी. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज आदल्या वर्षीच भरावा लागतो; बरीच पोरं जानेवारीत जागी होतात आणि वर्ष हातचं जातं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा वेगळी. सत्यता-कोष्टकं (विधानांचं खरं-खोटं मांडणारे तक्ते) म्हणजेच तर्कशास्त्र, या समजुतीत राहू नका. खरी गाडी अडते ती ‘प्रत्येक’ आणि ‘एक तरी’ यांच्या क्रमावर. ‘प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे’ आणि ‘एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागते’ यांत जेवढा फरक, तेवढाच सांतत्याच्या (फलनाचा आलेख तुटत नाही, याच्या) व्याख्येत ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक तरी डेल्टा’ याचा क्रम उलटून ‘एक तरी डेल्टा प्रत्येक एप्सिलॉनसाठी’ असं केल्यावर पडतो: फलन त्या बिंदूजवळ स्थिर असलंच पाहिजे, अशी अट होऊन बसते.

लीन हे सिद्धता तपासणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात पहिल्याच आठवड्यात a+b=b+a स्वतः सिद्ध करा. थेट गणिती विगमन (0 साठी सिद्ध करून मग एकेक पायरी वर जायची रीत) लावलं की अडकाल, कारण a+0=a हे व्याख्येतच आहे, 0+a=a नाही. आधी ते वेगळं सिद्ध करा; मग (a+1)+b=(a+b)+1; त्यानंतर मूळ विधान चार-पाच ओळींत सुटतं.