सुभेदार काकांचे बैल

दोन वर्षांपूर्वी २६ जानेवारीला, आमच्या सोसायटीच्या झेंडावंदनाच्या वेळी, मी एका माणसाच्या हातातून माईक काढून घेतला. ते अजून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ठाण्यात वर्तकनगरला आमची सोसायटी. बी विंगमध्ये सुभेदार काका राहतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९६९ साली बेळगावला भरती झाले, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. १९९७ला सुभेदार म्हणून पेन्शनीवर आले आणि मुलाच्या नोकरीमुळे ठाण्यात.

वर्षातून दोनदा आम्हाला त्यांची आठवण होते. शाल, श्रीफळ आणि "काका, दोन शब्द बोला." त्या वर्षी सहावीतल्या एका मुलाने विचारलं, "आजोबा, तुम्ही लढाईत काय केलं?" काका म्हणाले, "बैल हाकलं."

हशा पिकला. काकांना वाटलं, पोरांना गोष्ट आवडली. ते खुलले, बैल कसे होते ते सांगायला लागले. तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी गेटवर आली. मी "पुढच्या वेळी सविस्तर हं काका" म्हणत माईक घेतला. काका एक शब्द न बोलता दोन पावलं मागे सरले आणि सावधान उभे राहिले. पाहुणे पुढे पाऊण तास बोलले. काय बोलले ते आज मला आठवत नाही.

बैलांची गोष्ट मला पूर्ण ऐकायला मिळाली ती गेल्या आठवड्यात, एका बँकेत. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. काकांचा मुलगा बाहेरगावी होता, म्हणून मी सोबत गेले. मशीनवर काकांचा अंगठाच उमटेना. कातडी घासून गुळगुळीत झालेली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, हात धुऊन या." काका धुऊन आले. पुन्हा नाही. परत पाठवलं, परत नाही. तीनदा तो माणूस बेसिनपाशी गेला आणि तीनदा रुमालाने बोटं कोरडी करत परत आला, चेहऱ्यावर आठी नाही. मग म्हणे साहेब जेवायला गेलेत, थांबा. दोन तास बाकड्यावर बसलो, आणि मी विचारलं, "काका, ते बैलांचं काय होतं?"

३ डिसेंबर १९७१ला युद्ध सुरू झालं तेव्हा काका वीस वर्षांचे. त्यांची पलटण ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये, मेघालयाच्या बाजूने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, खाली उतरणारी. आधी कमालपूरची चौकी पडली, ४ डिसेंबरला. पुढे ब्रह्मपुत्रेच्या काठी जमालपूर, तिथे पाकिस्तानची ३१ बलूच ही पलटण ठाण मांडून. उत्तरेकडून ढाक्याला जायचं तर हे जमालपूर आडवं. आपल्या फौजेने समोरून धडक न देता नदी ओलांडून पाठीमागचा ढाक्याचा रस्ता अडवायचं ठरवलं. पण पूल नाही, ट्रक पलीकडे जाईनात. मग गावकऱ्यांच्या होड्या आणि गावकऱ्यांच्याच बैलगाड्या.

"उस्तादानं इचारलं, गाडी कुणाला हाकता येती? म्या हात वर केला," काका म्हणाले. काका मॉर्टर, म्हणजे उखळी तोफांच्या प्लाटूनमध्ये. गाडीत मॉर्टरचे बाँब भरलेले. बैल आपल्या खिल्लारीच्या निम्मे. "बैलांना मराठी कळंना, आन् म्हाताऱ्याला हिंदी येईना." म्हातारा म्हणजे गाडीचा मालक. तो गाडी सोडायला तयार नव्हता, शेजारून चालत राहिला. थोडं पुढे गेल्यावर चाक करकरायला लागलं. अंधारात तो आवाज कुठवर जाईल सांगता येत नाही, आणि शत्रू जवळ. काकांनी गाडी थांबवली, आपला पंचा फाडून आसाला गुंडाळला आणि रायफल पुसायचं होतं नव्हतं तेवढं तेल त्यावर ओतलं. करकर थांबली. हे सांगताना बँकेच्या बाकड्यावर त्यांचे दोन्ही हात हवेत चिंधी गुंडाळत होते.

पुढचं इतिहासात आहे. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र धाडलं, तर जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ती फौज वेढा फोडून निघाली ती थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आली. ११ तारखेला जमालपूर पडलं. त्याच दिवशी तिकडे टांगाईलजवळ दुसरी पॅरा बटालियन विमानातून उतरली, तीही मूळची मराठा पलटणच. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती, सुमारे ९३ हजार युद्धकैदी.

दहा तारखेच्या त्या रात्रीबद्दल काका दोनच वाक्यं बोलले. "रातभर बाँब टाकत हुतो. सकाळी ऐकू येईना." डावा कान तेव्हापासून गेलेला. मॉर्टरमधून त्या रात्री जे सुटलं, ते एका न करकरणाऱ्या गाडीतून तिथवर पोचलं होतं. आणि आम्ही हसलो होतो.

काकांकडे 'पूर्वी स्टार' हे पूर्व आघाडीचं पदक आहे, संग्राम मेडल आहे, दीर्घ सेवेची मेडलं आहेत. स्टीलच्या डब्यात, मलमलीच्या तुकड्यात. पाहणारा पहिला प्रश्न विचारतो, "यात शौर्यपदक कुठलं?" नाही शौर्यपदक. दुसरा प्रश्न त्याहून वाईट, "किती मारले?" मी स्वतः ऐकलाय तो, चांगल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून, मुलांसमोर. कुणी कसायाला तरी असं विचारतं का?

माझं स्पष्ट मत आहे, आपल्याला सैनिक हवा असतो तो पोस्टरवरचा. तेरा दिवसांचं युद्ध, त्यातही गोळीबाराचे दोन तास, तेवढंच आपल्याला ऐकायचं असतं. काकांनी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. ईशान्येकडचे डोंगर, काश्मीर, मग बेळगावला उस्ताद म्हणून रंगरूट घडवणं. पहिल्या मुलाच्या जन्माची बातमी आंतर्देशीय पत्रातून, तीही महिन्याने. काकूंकडे अजून त्या पत्रांचा गठ्ठा आहे, प्रत्येकावर '९९ एपीओ' किंवा '५६ एपीओ', म्हणजे फौजेच्या टपालघराचा नंबर. नवरा नक्की कुठे आहे हे काकूंना त्या आकड्यांपलीकडे कळायचं नाही. गावाकडे नांगरट, सासू-सासरे, दोन मुलं, सगळं त्यांनी एकटीने ओढलं. त्यांना आजवर कुणी शाल दिली नाही. मीही नाही. पेन्शनीवर आल्यावर काकांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी केली, बारा-बारा तास. तिथे त्यांना "ए वॉचमन" म्हणून हाक मारायचे.

एकाहत्तरला जो अठरा वर्षांचा होता, तोही आता सत्तरी ओलांडून गेलाय. ठाण्यात सातारा, कोल्हापूर, कोकणातून आलेली किती घरं आहेत. तुमच्या बिल्डिंगमध्ये, मागच्या चाळीत असा एखादा माणूस असणारच. त्याला विचारा, लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या भटारखान्यात, काय मिळायचं, पहिली सुट्टी कधी मिळाली, पत्र कोण लिहून द्यायचं, थंडीत बोटं कशी वाचवली. घाई न करता ऐका, फोनवर रेकॉर्ड करा. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा समोर आला तर त्यात पैसे जरूर टाका, पण नोव्हेंबरात त्याच्यासोबत बँकेतही जा. व्हॉट्सॲपवर सॅल्यूटचं चित्र टाकण्यापेक्षा ते कितीतरी जास्त उपयोगी पडतं. आमचा दाखला शेवटी मिळाला, साहेब जेवून आल्यावर, पाच मिनिटांत.

निघताना काका म्हणाले, "एकच इचार येतो बघ पोरी. त्या म्हाताऱ्याला पुढं धाडला नाही, नदीकाठीच थांबवला. गाडी पुढं नेली. त्याचं बैल त्याला परत गावलं का न्हाय, कुणास ठाऊक." चोपन्न-पंचावन्न वर्षं ते हा प्रश्न बाळगून आहेत.

येत्या १६ डिसेंबरला संध्याकाळी सात वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये काका बोलणार आहेत. पाहुणे नाहीत, हार नाहीत, काकूही बोलणार आहेत. काकांनी विचारलं, "किती मिनिटं?" मी म्हटलं, तुम्ही थांबाल तेव्हा. मुलांना घेऊन या. आणि प्रश्न विचारायचा असेल तर त्यांच्या उजव्या बाजूच्या खुर्च्यांवर बसा, डावीकडचं त्यांना ऐकू येत नाही.